पिना कोलाडा घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की, आणि पुन्हा डिसेंबरात, पिना कोलाड्याबद्दलचे प्रश्न यायला सुरुवात होते. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. लोक विचारतात जास्त रमबद्दल, पण बिघडतं ते बहुतेक वेळा नारळात. म्हणून नारळापाशी मी जास्त रेंगाळले आहे. घाई असेल तर प्रश्न २ आणि प्रश्न ५ वाचून कामाला लागा. बाकीचं अडलं की बघा.

१. पिना कोलाडा म्हणजे नेमकं काय?

रम, अननसाचा रस आणि गोड दाट नारळरस, बर्फाबरोबर घुसळून केलेलं पेय. नाव स्पॅनिश आहे. 'पिन्या' म्हणजे अननस आणि 'कोलादा' म्हणजे गाळलेला. म्हणजे नावात अननस आहे, गाळणं आहे, पण नारळ कुठेच नाही. याचं कारण प्रश्न ३ मध्ये आहे. आपल्याकडच्या मेनूकार्डांवर 'पिना कोलाडा' हाच उच्चार रुळला आहे, मीही तोच वापरते.

२. एका ग्लासाचं माप सांगा, बाकी नंतर वाचू.

पांढरी रम ६० मिली, अननसाचा रस ९० मिली, गोड नारळरस ४५ मिली, लिंबाचा रस २ चहाचे चमचे, फ्रीझरमध्ये गोठवलेल्या अननसाच्या फोडी अर्धी वाटी, फोडलेला बर्फ एक वाटी, मीठ चिमटीच्या टोकावर येईल एवढंच.

आधी बर्फ आणि फोडी सोडून बाकीचं सगळं मिक्सरमध्ये पाच सेकंद फिरवा. मग बर्फ आणि फोडी घालून वीस ते तीस सेकंद. भांड्यात खळखळ आवाज येतो तोवर बर्फाचे खडे शिल्लक आहेत. आवाज एकसारखा, जड झाला की थांबा. मोठ्या ग्लासात ओता आणि लगेच प्या.

मापाचा पेला घरात नसेल तर पोह्याचा चमचा साधारण १५ मिली आणि चहाचा चमचा ५ मिली धरा. औषधाच्या बाटलीवरचं रेघा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन घेतलंत तर त्याहून अचूक. अंदाजाने रम ओतू नका. बाटलीतून सरळ ओतलेले '६० मिली' बघता बघता ९० होतात, आणि थंड गोड पेयात ते जिभेला कळत नाहीत.

३. हे पेय गोव्याचं का? कुणी शोधलं?

गोव्याचं नाही, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचं आहे. राजधानी सॅन हुआनमधल्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन 'मोनचितो' मारेरो या बारटेंडरने तीन महिने खटपट करून १९५४ साली ते बसवलं, असं हॉटेल सांगतं. त्याच शहराच्या जुन्या भागातल्या बाराचिना उपाहारगृहाच्या भिंतीवर मात्र दगडी पाटी आहे: हे पेय इथे रामोन पोर्तास मिंगोत यांनी १९६३ साली तयार केलं. वाद मिटलेला नाही. १९७८ साली पोर्तो रिकोने पिना कोलाडा हे आपलं अधिकृत पेय म्हणून जाहीर केलं.

नाव त्याही आधीचं आहे. १९२२ मध्ये एका प्रवासविषयक मासिकात क्युबातल्या 'पिन्या कोलादा'चं वर्णन आलं होतं: रम, अननस, लिंबू आणि साखर. नारळ नाही. तो आला रामोन लोपेझ इरिझारी या पोर्तो रिकोच्या माणसामुळे. त्यांनी खोबऱ्याचा रस काढून, गोड करून डब्यात भरायची युक्ती बसवली. तोच 'कोको लोपेझ'चा डबा. हा डबा हाताशी आल्यावरच बारमध्ये उभं राहून नारळाचं पेय दोन मिनिटांत करणं शक्य झालं.

आता गोव्याकडे येऊ, कारण संबंध आहे, फक्त उलट्या दिशेने. नारळ मूळचा कॅरिबियनचा नाही. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरचा नारळ पोर्तुगीज जहाजांतून आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्देला गेला आणि तिथून १६व्या शतकात पलीकडे पोचला. त्याच शतकात त्याच लोकांनी दक्षिण अमेरिकेतला अननस आपल्या किनाऱ्यावर आणला. 'अननस' हा शब्दसुद्धा तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे मराठीत आला आहे. ऊसही पूर्वेचाच, कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो तिकडे नेला. म्हणून मला हे पेय परकं वाटत नाही. नारळ आणि ऊस इकडून गेले, अननस तिकडून आला.

४. नारळाचं दूध, कोकोनट क्रीम, क्रीम ऑफ कोकोनट... हे सगळं एकच ना?

नाही, आणि बहुतेकांचा पिना कोलाडा इथेच फसतो.

नारळपाणी म्हणजे शहाळ्यातलं पाणी. त्याचं इथे काही काम नाही. नारळाचं दूध म्हणजे खोबरं वाटून पिळलेला रस, बिनसाखरेचा. कोकोनट क्रीम म्हणजे तेच, पण जास्त दाट, बहुधा तेही बिनसाखरेचं. आणि क्रीम ऑफ कोकोनट म्हणजे दाट नारळरसात भरपूर साखर विरघळवलेला, काकवीसारखा सैल घट्ट पदार्थ. परदेशी कृतींमध्ये बहुतेक वेळा हाच शेवटचा अपेक्षित असतो. त्याच्या जागी बिनसाखरेचं पाकिटातलं दूध घातलं की पेय पाणचट आणि सपक लागतं. मग माणूस वरून साखर घालतो, ती थंडीत विरघळत नाही आणि तळाशी खरखरीत बसते.

या लेखात मी 'गोड नारळरस' म्हणते तो हाच शेवटचा पदार्थ. तो विकत घ्यायची गरज नाही, पुढचा प्रश्न पाहा.

५. ओल्या नारळाचा गोड रस घरी कसा करायचा?

ज्यांच्या घरी शिरवाळ्या होतात त्यांना हे सांगायला नको. तांदळाच्या गरम शेवयांवर ओततो तो नारळाचा रस, गुळाऐवजी साखर घातलेला आणि जरा जास्त दाट. आमच्या घरी आई आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बसून नारळ खवायची तेव्हा एक गोष्ट हटकून सांगायची: करवंटीला लागलेल्या तपकिरी सालीपर्यंत जायचं नाही, पांढरं संपलं की वाटी ठेवून द्यायची. ती साल रसात उतरली की रंग मळतो आणि खवट वास मागे राहतो. कढीत तो खपतो, अननसाबरोबर नाही.

मध्यम मोठा, हलवला की आतून भरपूर पाणी वाजणारा एक नारळ घ्या. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नको. फोडल्यावर पाणी चाखा. ते आंबूस असेल तर खोबरं इथे वापरू नका. खवलेल्या खोबऱ्यात २०० मिली कोमट पाणी घाला. उकळतं नको, हाताला चांगलं गरम लागेल एवढं पुरे. दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग मिक्सरमध्ये बारीक वाटा. स्वच्छ पंचात किंवा मलमलच्या फडक्यात घालून पिळा, हात दुखेपर्यंत पिळा. हा पहिला रस, साधारण दोनशे मिली भरतो. दुसऱ्यांदा पाणी घालून काढलेला पातळ रस पिना कोलाड्याला चालत नाही, तो सोलकढीला ठेवा.

आता पहिल्या रसात १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळा. साखर विरघळली आणि कडेने वाफ दिसू लागली की उतरवा. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की फुटतो, तेल वर आणि चोथापाणी खाली. थंड झाल्यावर एकदा मिक्सरमध्ये दहा सेकंद फिरवलात तर रेशमासारखा होतो. यात सहा ग्लास होतात. बाटलीत भरून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, फ्रीझरमध्ये महिनाभर.

पाकिटातल्या २०० मिली नारळाच्या दुधालाही हीच साखर आणि हीच कृती. काम होतं. पण ताज्या खोबऱ्याचा वास त्याला नसतो, आणि या पेयाचा जीव त्या वासात आहे असं माझं ठाम मत आहे.

६. कुठली रम घ्यावी? ओल्ड मंक चालेल का?

मूळ कृतीत पांढरी रम आहे. भारतात बाटलीबंद होणारी बकार्डीची पांढरी सहज मिळते. गोव्यात आता लहान उत्पादकांच्याही चांगल्या रम निघतात, 'माका झाय' त्यातलीच एक. नावाचा अर्थ कोंकणीत 'मला हवं' असा. पांढरी रम घेण्याचं कारण सरळ आहे: ती अननस आणि नारळ यांच्या मध्ये येत नाही आणि रंगही पांढराशुभ्र राहतो.

ओल्ड मंकबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. योगायोग असा की तीही १९५४ सालचीच, कॅरिबे हिल्टन सांगतं त्याच वर्षीची. चालते, पण तिचा स्वभाव ओळखून वापरा. तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास असतो, गोडवा जाणवतो. सगळी ६० मिली तीच घातली तर पेय चहाच्या रंगाचं होतं आणि अननस दबतो. तसंच करायचं असेल तर नारळरस ४५ ऐवजी ३० मिली घ्या आणि लिंबू अर्धा चमचा वाढवा. मला स्वतःला आवडतो तो दुसरा मार्ग: ४५ मिली पांढरी रम घालून पेय घुसळायचं, ग्लासात ओतायचं आणि वरून १५ मिली ओल्ड मंक चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडायची. पहिल्या घोटाला गुळाचा वास येतो आणि खाली थंडगार अननस.

नारळाच्या वासाची गोड बाटली मिळते ती रम म्हणून वापरू नका. ती बहुधा लिक्युअर असते, ताकद निम्मी आणि साखर भरपूर. गोड नारळरसावर ती घातली की पेय अंगावर येतं.

महाग, जुनी, लाकडात मुरलेली रम यात घालू नका. ती नुसती, सावकाश प्यायची असते.

७. अननस ताजा घ्यावा की डब्यातला रस?

ताजा, पण पिकलेला. कच्चा अननस असेल तर त्यापेक्षा डब्यातला रस बरा, हे मी मनापासून सांगते. बाजारात अननस उचलून देठाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बुडाशी, नाक लावा. वास आला तर पिकलाय. वास येत नसेल तर घरी ठेवून तो मऊ होईल, पण गोड फारसा होणार नाही, कारण तोडल्यावर अननसात साखर वाढत नाही. बुडाशी आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर तो उतरला, सोडून द्या.

महाराष्ट्रातल्या बाजारात केरळातून बराच अननस येतो, त्यातला वाळकुलमचा गोड आणि सुवासिक असतो. डोळे काढताना तिरपे चर पाडत काढले तर गर वाया जात नाही. मधला कडक दांडा रसाला घेऊ नका, त्यामुळे जीभ जास्त चुरचुरते. रस गाळून घ्या. नावातच 'गाळलेला' आहे आणि त्याला कारण आहे, रेषा राहिल्या की पेय गुळगुळीत होत नाही. अर्ध्या फोडी मात्र ताटात सुट्या पसरून फ्रीझरमध्ये गोठवा.

डब्यातला रस घेणार असाल तर मागची बाजू वाचा. साखर घातलेला असेल तर नारळरस १० मिलीने कमी करा.

८. बर्फ फिरवल्याने मिक्सर खराब होईल का?

मोठे खडे टाकले तर पात्याला धक्का बसतो आणि काही भांड्यांचा खालचा जोड सैल होतो. बर्फ जाड पंचात गुंडाळून बत्त्याने किंवा लाटण्याने फोडा, हरभऱ्याएवढे तुकडे झाले की घाला. सलग न फिरवता झटके देत फिरवा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. गोठवलेल्या फोडी याचसाठी सांगितल्या: बर्फ कमी लागतो, पेय पातळ होत नाही आणि मिक्सरही वाचतो.

९. मिक्सर नाही. हाताने होईल?

होतं, आणि काहींना तेच जास्त आवडतं. घट्ट झाकणाची बरणी घ्या. प्रश्न २ मधलं माप, फोडी वगळून, त्यात घाला. रस मात्र १२० मिली घ्या. अर्धी बरणी बर्फाचे अख्खे खडे घालून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा. बरणीला बाहेरून दव धरलं की फोडलेल्या बर्फावर गाळून ओता. हे पातळ, फेसाळ होतं, चमच्याने खाण्यासारखं होत नाही.

१०. ग्लासात पांढरे कण तरंगतात. नारळ खराब होता का?

खराब नाही, थिजला. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. थंडीत बाटलीतलं तेल थिजतं तसंच. फ्रिजमधून काढलेला घट्ट नारळरस थेट बर्फावर पडला की त्यातला स्निग्धांश एकदम आकसतो आणि ओठांना मेणासारखा लागतो.

उपाय सोपा आहे. नारळरस अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, बाटली कोमट पाण्यात धरून हलवा आणि बर्फ घालण्याआधी रम आणि अननसाच्या रसाबरोबर फिरवून घ्या. म्हणूनच प्रश्न २ मध्ये आधीचे पाच सेकंद आहेत. कण आधीच झाले असतील तर बर्फ न घालता एकदा वेगात फिरवा आणि गाळा.

११. चव कडू झाली. साहित्य तर सगळं ताजं होतं.

ताजं होतं म्हणूनच. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनं तोडतं. अननस खाताना जीभ चुरचुरते ती त्याच्यामुळे. दुधात, सायीत, क्रीममध्ये प्रथिनं असतात. ती तुटली की कडवट तुकडे तयार होतात. पहिल्याच वेळी मी ताजा अननस आणि गाईच्या दुधाचं क्रीम एकत्र घुसळून, पाहुणे यायचे म्हणून दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं होतं. दिसायला सुंदर होतं, घोटभर प्यायल्यावर कडूलिंबाची आठवण झाली. सगळं ओतावं लागलं. सहा ग्लासांची रम त्यात होती.

मग कॅरिबे हिल्टनच्या कृतीत क्रीम कसं? तिथे ते नारळरसाबरोबर घालतात खरं, पण पेय करून लगेच हातात देतात, विकराला वेळच मिळत नाही. घरी तेच करायचं तर दोन मार्ग. एक, दुधाचं क्रीम घालूच नका. नारळरस नीट दाट असेल तर त्याची गरज पडत नाही. नारळात प्रथिनं कमी असल्याने हा त्रासही कमी होतो. दुसरा, अननसाचा रस दोन-तीन मिनिटं उकळून गार करा. उष्णतेने विकर मरतं. डब्यातला रस आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याने कडूपणा येत नाही.

गोठवल्याने मात्र विकर मरत नाही, नुसतं मंदावतं. 'फोडी फ्रीझरमध्ये होत्या, तरी कडू झालं' याचं उत्तर तेच.

१२. फार गोड झालं, किंवा फार पातळ झालं. आता काय?

गोड झालं तर लिंबू आणि चिमूटभर मीठ. रम वाढवून गोडी मारायचा प्रयत्न करू नका. पातळ झालं तर बर्फ नको, गोठवलेल्या फोडी घाला. फारच दाट झालं तर अननसाचा रस चमचा चमचा घालत जा. तळाशी साखर लागत असेल तर प्रश्न ४.

१३. अस्सल कृतीत लिंबू असतं का?

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या मापात नाही: ५० मिली पांढरी रम, ३० मिली कोकोनट क्रीम, ५० मिली ताजा अननसाचा रस. मी घालते, कारण आपल्याकडचा पूर्ण पिकलेला अननस फारसा आंबट नसतो आणि घरचा नारळरस गोड असतो. लिंबू नसेल तर पहिला घोट छान लागतो आणि चौथ्याला कंटाळा येतो. अननस आंबट निघाला तर लिंबू वगळा.

१४. साखरेऐवजी गूळ किंवा काकवी?

रंग जाईल, चव बदलेल, पण वाईट लागणार नाही. रम बहुतेक वेळा उसाच्या मळीपासूनच होते, त्यामुळे काकवी तिच्याशी जुळते. काळ्या रमबरोबर करून पाहा. गूळ घालणार असाल तर तो थोड्या पाण्यात वेगळा वितळवून, गाळून आणि गार करून मग नारळरसात मिसळा. थेट तापत्या रसात टाकलात तर काही वेळा रस फुटतो.

१५. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी काय करू?

रम वगळा, रस १२० मिली करा, आल्याचा रस अर्धा चहाचा चमचा घाला. रम गेल्यावर घशाला जो चटका लागायचा तो जातो, आलं ती जागा भरून काढतं. आधी बिनरमचे ग्लास करा, मग रमचे. उलटं केलंत तर भांडं साबणाने धुऊन घ्या. ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा. दोन्ही पेयं दिसायला तंतोतंत सारखी असतात आणि मुलांच्या हाती चुकून दुसरा ग्लास लागायला क्षणही पुरतो.

१६. रमऐवजी फेणी घातली तर?

मग तो पिना कोलाडा राहत नाही, पण करून पाहण्यासारखं आहे. काजूच्या फेणीला स्वतःचा मोठा वास आहे. ६० मिली घातली तर अननस, नारळ दोन्ही हरवतात. ३० मिली पुरे, आणि लिंबू पूर्ण दोन चमचे. माडाच्या सुरेपासून काढलेली नारळाची फेणी तुलनेने सौम्य, ती ४५ मिलीपर्यंत चालते. मला नारळाचीच जास्त जुळलेली वाटते.

१७. बारा जण येणार आहेत. आधी करून ठेवता येईल?

येईल, बर्फ सोडून. ७५० मिलीच्या एका बाटलीत बारा ग्लासांची रम बसते: रम ७२० मिली, अननसाचा रस १०८० मिली, गोड नारळरस ५४० मिली, म्हणजे दोन नारळांचा. रस आधी उकळून गार करायचा, कारण प्रश्न ११. हे सगळं फिरवून फ्रिजमध्ये सकाळपासून ठेवता येतं. लिंबाचा रस १२० मिली आयत्या वेळी. बर्फ आणि फोडी घालून दोन-दोन ग्लासांपुरतं फिरवत जा.

दुसरा मार्ग: हेच मिश्रण सपाट पिशव्यांत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. यात मद्यांश साडेबारा टक्क्यांच्या आसपास असतो, शिवाय साखर. त्यामुळे ते दगडासारखं न गोठता गोळ्याच्या बर्फासारखं भुसभुशीत राहतं. पिशवी बाहेरून चुरगाळायची आणि ग्लासात पिळायची. पाहुण्यांत बसता येतं, मिक्सरपाशी उभं राहावं लागत नाही.

१८. गोड लागतं, मग चढतं का?

चढतं. भारतात बाटलीबंद होणारी बहुतेक रम ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलीत सुमारे २५ मिली, म्हणजे वजनाने २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. हा सरळ मोठा पेग आहे, नारळात लपलेला. थंडीमुळे तिखटपणा जाणवत नाही आणि ग्लास लवकर रिकामा होतो. दुसरा हवा असेल तर ३० मिलीचा करा, चवीत फरक कमी पडतो. आणि गाडीच्या किल्ल्या आधीच बाजूला ठेवा, 'एकच घेतला' म्हणणाऱ्यानेसुद्धा.

१९. मधुमेह आहे, औषधं चालू आहेत. थोडं चालेल का?

प्रश्न २ च्या मापात एका ग्लासात चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर जाते. मधुमेहात हे जास्त आहे, त्यात रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर नंतर एकदम उतरूही शकते. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असेल, गरोदरपण असेल, तर अजिबात नाही. तेव्हा प्रश्न १५ मधला ग्लास घ्या.

२०. घरी प्यायलाही परवाना लागतो का? गोव्याहून बाटली आणली तर?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. रमसाठी वय २५ पूर्ण हवं, २१ नाही. २१ बिअर आणि वाइनला. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली.

गोव्यात वयाची अट २१ आहे आणि बाटल्या स्वस्त असतात, म्हणून हा मोह दर सुट्टीत होतो. पण फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. तिथली आवडलेली रम तिथेच प्या.

२१. आम्ही अमेरिकेत असतो. इथे काय वेगळं करू?

तुमच्याकडे 'क्रीम ऑफ कोकोनट'चा डबा कुठल्याही दुकानात मिळतो. उघडण्याआधी तो गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि चांगला हलवा, कारण आत तो दोन थरांत वेगळा झालेला असतो. वरचा थरच काढून घातलात तर प्रश्न १० मधले कण नक्की येतील. त्याची गोडी घरच्या रसाहून जास्त असते, म्हणून ३० मिलीपासून सुरुवात करा. ओल्या नारळाऐवजी फ्रीझरमधलं खवलेलं खोबरं मिळत असेल तर मात्र डबा सोडा आणि प्रश्न ५ करा. खोबरं पूर्ण वितळून कोमट झाल्यावरच वाटा, नाहीतर रस सुटत नाही.

२२. नारळाचा चोथा आणि उरलेला गोड रस टाकून देऊ का?

टाकू नका. चोथा कढईत मंद आचेवर कोरडा भाजून लसूण आणि लाल मिरचीबरोबर कुटा, भाकरीबरोबर चार दिवस पुरते. पिळून घेतल्यामुळे त्यात तेल कमी असतं, म्हणून भाजताना हलवत राहा, लगेच लागतो. उरलेल्या गोड रसात वेलची पूड घाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घावनांबरोबर वाढा.